आयर्लंडमध्ये नव्याने आलात? इथल्या राजकारणाच्या बातम्या वाचायला असं शिका

पीपीएस नंबर (इथला सरकारी ओळख क्रमांक) मिळाला, बँकेत खातं उघडलं, बस-ट्रेनचं लीप कार्ड हातात आलं आणि भाड्याचं घर एकदाचं मिळालं, की वाटतं बूड टेकलं. मग राजकारणाच्या बातम्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जेवढ्या येतील तेवढ्यावर आपण भागवतो. ‘आपल्याला काय करायचंय त्यांच्या राजकारणाशी’ हे वाक्य डब्लिनच्या कितीतरी मराठी घरांत मी ऐकलंय. २०२५च्या जुलैत डब्लिनच्या टाला भागात एका भारतीय माणसाला जबर मारहाण झाली आणि वर त्याच्याविषयी खोटे आरोप ऑनलाइन फिरले, तेव्हा हे वाक्य ऐकू येईनासं झालं. खरी बातमी कुठे बघायची, स्थानिक आमदाराला गाठायचं कसं, पेपरात चुकीचं छापून आलं तर तक्रार कोणाकडे, हे सगळं लोक घाईघाईत एकमेकांना विचारत होते. हे आधीच ठाऊक असावं, म्हणून हा लेख.

एक गोष्ट सुरुवातीलाच मनात पक्की करा. हा देश लहान आहे. २०२२च्या जनगणनेत लोकसंख्या ५१ लाखांच्या थोडी पुढे गेली, म्हणजे एकट्या मुंबईच्या निम्मीसुद्धा नाही. इथे मंत्री आणि त्याला प्रश्न विचारणारी पत्रकार एकाच कॉलेजात शिकलेली असू शकतात, एकाच दुकानात दूध घ्यायला जाणारी असू शकतात. ही जवळीक इथल्या लोकशाहीची ताकद आहे आणि दुखणंही तेच आहे. म्हणून कुठलीही राजकीय बातमी वाचताना दोन प्रश्न सोडू नका: ही बातमी कोणी दिली, आणि आत्ताच का दिली?

पहिली पायरी: चार शब्द पाठ करा

पंतप्रधानाला टीशक म्हणतात, उपपंतप्रधानाला टॉनिश्ता. कनिष्ठ सभागृह म्हणजे डॉल आणि तिथला सदस्य म्हणजे टीडी. संसदेची इमारत लेन्स्टर हाउस, डब्लिनच्या किल्डेर स्ट्रीटवर. २०२४च्या निवडणुकीत ४३ मतदारसंघांतून १७४ टीडी आले. एका मतदारसंघातून तीन ते पाच टीडी निवडून येतात, त्यामुळे एकाच पक्षाचे दोन उमेदवारही एकमेकांशी झगडत असतात. स्थानिक पेपरात आपला फोटो यावा म्हणून टीडी एवढे का धडपडतात, त्याचं निम्मं उत्तर इथे आहे. एवढं पुरे, बाकीचे शब्द कानावर पडून कळतील.

दुसरी पायरी: सकाळी सात वाजता रेडिओ लावा

ही सवय लागली की अर्धं काम झालं. आरटीई या सार्वजनिक प्रसारकाच्या रेडिओ वनवर सात ते नऊ ‘मॉर्निंग आयर्लंड’ लागतं. १९८४पासून सुरू असलेला हा कार्यक्रम देशात सर्वांत जास्त ऐकला जातो. दिवसभर राजकारण ज्याच्यावर बोलणार, ते बऱ्याचदा इथेच ठरतं. मंत्री येतात, निवेदक नावाने हाक मारून बोलतो, आवाज चढवत नाही, पण तोच प्रश्न तीनदा विचारतो. उत्तर टाळलं की ऐकणाऱ्याला स्वयंपाकघरात उभ्या उभ्या कळतं.

या कार्यक्रमाचं वजन कळायला २०१०चा नोव्हेंबर पाहा. बँका बुडाल्या होत्या, देश आंतरराष्ट्रीय मदत मागणार अशी चर्चा युरोपभर चालली होती. आयर्लंडचे मंत्री मात्र कॅमेऱ्यासमोर सांगत होते की असं काही नाही; एकाने तर त्याला कपोलकल्पित ठरवलं. १८ नोव्हेंबरच्या सकाळी फ्रँकफर्टहून एक फोन ‘मॉर्निंग आयर्लंड’ला आला. फोनवर होते मध्यवर्ती बँकेचे गव्हर्नर पॅट्रिक होनोहन. बैठकीसाठी ते तिकडे गेले होते. त्यांनी शांतपणे सांगितलं की मोठं कर्ज घेतलं जाईल, अब्जावधी युरोंचं, अशी त्यांची अपेक्षा आहे. जे सरकारने लोकांना सांगायला हवं होतं, ते लोकांना बँकेच्या गव्हर्नरकडून रेडिओवर कळलं. महिना संपायच्या आत ८५ अब्ज युरोंचा कार्यक्रम जाहीर झाला. इथल्या लोकांशी त्या दिवसांबद्दल बोलून पाहा. पैशांइतकाच राग त्यांना अजून त्या नकारांचा येतो.

त्याच वर्षी सप्टेंबरात टीशक ब्रायन कोवेन पक्षाच्या गॉल्वेतल्या मेळाव्यातून याच कार्यक्रमावर बोलले. आवाज बसलेला, शब्द अडखळणारे. आदल्या रात्री उशिरापर्यंत मैफल रंगली होती. मुलाखत संपते न संपते तोच विरोधी पक्षाच्या सायमन कोव्हनी यांनी ट्विटरवर त्यावर बोचरी टिप्पणी केली आणि दुपारपर्यंत ती जगभर गेली. रेडिओची सकाळ आणि सोशल मीडियाची दुपार एकमेकांना कशी जोडली जातात, ते त्या दिवशी सगळ्यांनी पाहिलं.

तिसरी पायरी: कोणतं माध्यम कोणाचं, ते माहीत करून घ्या

आरटीई ही सरकारी मालकीची सार्वजनिक संस्था. तिची सुरुवात १ जानेवारी १९२६ रोजी टू-आरएन या रेडिओ केंद्राने झाली. घरात टीव्ही असेल तर वर्षाला १६० युरोंचं लायसन्स काढावं लागतं, मग तुम्ही आरटीई पाहा किंवा फक्त नेटफ्लिक्स. टीव्ही बिघडलेला असला तरी लायसन्स लागतं. नुसत्या लॅपटॉपवर किंवा फोनवर पाहत असाल तर लागत नाही. भाड्याच्या घरातला टीव्ही घरमालकाचा असेल तर लायसन्स कोणी काढायचं ते करार करतानाच विचारून घ्या. अन पोस्टचं, म्हणजे टपाल खात्याचं, पत्र दारात येऊन पडल्यावर नको.

या १६० युरोंभोवती २०२३च्या जूनमध्ये मोठं वादळ उठलं. आरटीईने आपला सर्वाधिक पगाराचा निवेदक रायन टब्रिडी याला २०१७ ते २०२२ या काळात जाहीर केलेल्या रकमेपेक्षा ३,४५,००० युरो जास्त दिले होते, हे उघड झालं. महासंचालक डी फोर्ब्स यांनी राजीनामा दिला. संसदेच्या समित्यांसमोर अधिकाऱ्यांच्या सुनावण्या झाल्या आणि त्या लोकांनी कामं टाकून पाहिल्या. एरवी पत्रकार टीडींना विचारतात, इथे टीडी प्रसारकांना विचारत होते. पाहुण्यांसाठी घेतलेल्या सपातांवर सुमारे ५,००० युरो गेल्याचं समोर आलं, आणि लोकांनी लायसन्सचे पैसे भरणंच कमी केलं. शेवटी २०२४च्या जुलैत सरकारने तीन वर्षांसाठी ७२५ दशलक्ष युरो देऊ केले. मला यातली खरी काळजी अशी वाटते: ज्या सरकारवर नजर ठेवायची त्याच्याच तिजोरीवर न्यूजरूमचा पगार जास्त अवलंबून राहिला, तर प्रश्नाची धार टिकवायला तिथल्या माणसांना दुप्पट कणखर व्हावं लागेल.

पेपरांचं वेगळं. ‘आयरिश टाइम्स’ १९७४पासून एका ट्रस्टकडे आहे आणि ‘आयरिश एक्झॅमिनर’ही २०१८पासून त्याच समूहात आला. ‘आयरिश इंडिपेंडंट’ २०१९पासून बेल्जियमच्या मीडियाहाउसकडे आहे. न्यूजटॉक आणि टुडे एफएम ही रेडिओ केंद्रं बाउअर या जर्मन माध्यमसमूहाची. पूर्वी तर राजकारण्याचा स्वतःचा पेपर असे. एमन डी व्हॅलेरांनी १९३१च्या सप्टेंबरात ‘आयरिश प्रेस’ काढला आणि पुढच्याच मार्चमध्ये त्यांचा फिअना फॉल पक्ष सत्तेवर आला. तो पेपर १९९५मध्ये बंद पडला.

मालकीमुळे काय होतं ते २०१५मध्ये दिसलं. अपक्ष टीडी कॅथरिन मर्फी यांनी उद्योगपती डेनिस ओब्रायन यांच्या बँक कर्जाविषयी डॉलमध्ये भाषण केलं. ओब्रायन तेव्हा देशातल्या सगळ्यात मोठ्या वृत्तपत्रसमूहाचे सर्वांत मोठे भागधारक होते, आणि त्यांनी आरटीईविरुद्ध कोर्टातून मनाई हुकूम मिळवलेला होता. डॉलमधल्या भाषणाला राज्यघटनेचं संरक्षण आहे, तरीही बहुतेक माध्यमं ते छापायला धजावली नाहीत. काही दिवस असे गेले की संसदेच्या संकेतस्थळावर भाषण वाचता येत होतं आणि पेपरात येत नव्हतं. २ जूनला हायकोर्टाने स्पष्ट केलं की भाषणाची बातमी देण्यास मनाई नाही, तेव्हा ते छापलं गेलं. यातून नवख्याने एक सवय उचलावी. बातमी अर्धवट वाटली तर डॉलचं मूळ कामकाज एरक्टसच्या, म्हणजे संसदेच्या, संकेतस्थळावर शब्दन्‌शब्द वाचायला मिळतं. फुकट आहे, आणि ते वाचायला वकील असावं लागत नाही.

चौथी पायरी: एक बातमी तारखांनिशी वाचून पाहा

सरावासाठी मी नेहमी २०२०चं ‘गोल्फगेट’ सुचवते. १८ ऑगस्टला सरकारने कोविडमुळे एकत्र जमण्याचे नियम आणखी कडक केले. १९ तारखेला गॉल्वे परगण्यातल्या क्लिफ्डनच्या हॉटेलात एरक्टस गोल्फ सोसायटीचं जेवण झालं, ८०हून अधिक माणसं आली. २० तारखेला ‘आयरिश एक्झॅमिनर’ने बातमी फोडली. २१ला, त्या जेवणाला गेलेले कृषिमंत्री डारा कॅलरी यांनी राजीनामा दिला. त्या पदावर येऊन त्यांना जेमतेम पाच आठवडे झाले होते. तिथे हजर असलेले युरोपियन कमिशनर फिल होगन यांनी आधी थोडीशी माफी मागितली, मग जास्त, मग प्रवासाचा खुलासा केला. प्रत्येक खुलाशातून पत्रकारांना नवा प्रश्न मिळत गेला आणि २६ तारखेला तेही गेले.

त्या आठवड्यातला राग समजायचा असेल तर आठवा, तेव्हा आईवडिलांच्या अंत्यविधीलाही मोजकीच माणसं जाऊ शकत होती. आपल्यातल्या कित्येकांनी तर तो विधी इथून फोनच्या पडद्यावर पाहिला.

पण या बातमीचं शेपूटही वाचा, ते बहुतेकांना माहीत नसतं. जेवणाच्या संदर्भात चौघांवर खटला चालला आणि फेब्रुवारी २०२२मध्ये कोर्टाने त्यांना निर्दोष सोडलं. राजीनामा ही राजकीय शिक्षा असते आणि गुन्हा कोर्टात ठरतो. दोन्हींची गल्लत करू नका.

बातम्या आतल्या माणसाकडून फुटतात आणि तो आपलं नाव येऊ देत नाही. ‘सूत्रांनी सांगितलं’ असं वाचलं की मंत्रिमंडळातलं कोणीतरी बैठकीआधीच पाणी जोखतंय, असं धरून चालायला हरकत नाही. आपला स्रोत न सांगण्याचा पत्रकाराचा हट्ट मात्र मला प्रामाणिकपणे वंदनीय वाटतो. त्यामागे जुनी जखम आहे. १९८२मध्ये न्यायमंत्री शॉन डोहर्टी यांच्या आदेशावरून जेराल्डिन केनेडी आणि ब्रूस आर्नल्ड या दोन पत्रकारांचे फोन टॅप झाले, कारण त्यांना सत्ताधारी पक्षाच्या आतल्या बातम्या मिळत होत्या. १९८७मध्ये हायकोर्टाने दोघांना प्रत्येकी २०,००० पाउंडांची भरपाई दिली. १९९२च्या जानेवारीत डोहर्टींनी टीव्हीवर सांगितलं की टीशक चार्ल्स हॉही यांना हे ठाऊक होतं. हॉहींनी ते नाकारलं, पण त्यांची खुर्ची गेली. केनेडी पुढे ‘आयरिश टाइम्स’च्या संपादक झाल्या. २००६मध्ये त्यांच्या पेपराने टीशक बर्टी अहर्न यांना मिळालेल्या पैशांची बातमी छापली. चौकशी आयोगाने कागद मागितले तेव्हा केनेडी आणि वार्ताहर कोल्म कीना यांनी ते नष्ट केले, आणि स्रोत सांगायला नकार दिला. २००९मध्ये सुप्रीम कोर्टाने त्या नकाराची बाजू घेतली.

पाचवी पायरी: ‘आपला माणूस’ असला तरी बातमी तशीच वाचा

लिओ वराडकर यांचे वडील मालवण तालुक्यातल्या वराडचे. २०१७मध्ये लिओ टीशक झाले तेव्हा आपल्याकडे पेढे वाटायचेच काय ते बाकी होते, आणि २०१९च्या डिसेंबरात ते वराडला गेले तेव्हा आमच्या घरी सगळ्यांचे डोळे भरून आले. तो अभिमान रास्तच आहे. पण त्यांचा माध्यमांशी असलेला संबंध सरळ नव्हता, आणि आपण तो तसाच वाचला पाहिजे.

माध्यमांचा चांगला उपयोग कसा करावा हेही त्यांनी दाखवलं. जानेवारी २०१५मध्ये, आपल्या ३६व्या वाढदिवशी, मिरियम ओकॅलाहन यांच्या रेडिओ कार्यक्रमात त्यांनी आपण समलिंगी असल्याचं स्वतःच सांगितलं. चार महिन्यांनी विवाह समानतेचं सार्वमत होतं. कोणी कुजबुज करायच्या आत माणसाने आपली गोष्ट आपल्या आवाजात सांगितली. टीशक झाल्यावर मात्र त्यांच्या सरकारने ५० लाख युरोंचं एक संपर्क पथक उभारलं. २०१८मध्ये स्थानिक पेपरांत सरकारी योजनेचे पैसे देऊन छापलेले मजकूर आले. ते बातमीसारखे दिसत होते, आणि काहींत सत्ताधारी पक्षाचे भावी उमेदवारही होते. ओरड झाली, पथक गुंडाळावं लागलं. त्याच उन्हाळ्यात न्यूयॉर्कमधल्या एका खासगी जेवणात वराडकरांनी ट्रम्प यांच्या माध्यमांवरच्या टीकेबद्दल सहानुभूती दाखवली. लहान देशात खासगी जेवण फार काळ खासगी राहत नाही. ते बोलणं पेपरात आलं आणि त्यांना सारवासारव करावी लागली.

त्यामुळे पान उघडताच वरच्या कोपऱ्यात ‘प्रायोजित’ किंवा ‘भागीदारीत’ असं लहान अक्षरात काही लिहिलंय का, ते आधी बघा.

सहावी पायरी: इथे काय बोलता येत नाही, तेही ऐका

१९७१ ते १९९४ या काळात प्रसारण कायद्याच्या कलम ३१खाली आयआरए ही सशस्त्र संघटना आणि नंतर तिच्याशी जोडलेला शिन फेन पक्ष यांच्या प्रवक्त्यांचा आवाज आरटीईवर ऐकवायला बंदी होती. १९७२मध्ये केविन ओकेली या पत्रकाराने आयआरएच्या प्रमुखाची मुलाखत घेतली आणि त्यावरून सरकारने आरटीईचं अख्खं मंडळ बरखास्त केलं. ओकेलींनी कोर्टात मुलाखतीच्या आवाजाची ओळख पटवून द्यायला नकार दिला, त्यांना कैद झाली. मंत्री मायकल डी. हिगिन्स यांनी जानेवारी १९९४मध्ये ती बंदी उठवली. पुढे तेच राष्ट्राध्यक्ष झाले.

आजचं भय बदनामीच्या दाव्यांचं आहे. इथे भरपाई मोठी असते, खर्च त्याहून मोठा. मे २०२५मध्ये डब्लिनच्या ज्यूरीने बीबीसीविरुद्धच्या दाव्यात शिन फेनचे माजी अध्यक्ष जेरी अ‍ॅडम्स यांना १,००,००० युरो दिले. हे नवख्यांनी स्वतःसाठीही लक्षात ठेवावं. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एखाद्या नगरसेवकाबद्दल खातरी नसलेलं काही पुढे ढकलताना हात आवरा.

सातवी पायरी: निवडणुकीच्या दिवसांत

रेडिओ-टीव्हीवर पैसे देऊन राजकीय जाहिरात करायला इथे बंदी आहे. म्हणून वादविवाद, मुलाखती आणि दिव्याच्या खांबांवरचे फलक यांना एवढं महत्त्व. टीव्हीवरचा एक क्षण काय करू शकतो? २०११च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या शेवटच्या वादविवादात शॉन गॅलहर आघाडीवर होते. निवेदकाने प्रतिस्पर्ध्याच्या गोटातून आल्यासारखं दिसणारं एक ट्विट वाचून दाखवलं. ते बनावट खात्यावरचं होतं. गॅलहर गडबडले आणि तीन दिवसांनी हरले. प्रसारण नियामकाने पुढे कार्यक्रमात अन्याय झाल्याचं मान्य केलं, पण निकाल लागून गेला होता.

२०२४च्या नोव्हेंबरात टीशक सायमन हॅरिस, ज्यांनी टिकटॉकवर नाव कमावलं, कॉर्कमधल्या कँटर्कच्या सुपरमार्केटात प्रचार करत होते. अपंगांची काळजी घेणारी एक बाई त्यांच्याशी बोलू लागली, ते बोलणं अर्धवट सोडून निघाले. बाजूला आरटीईचा कॅमेरा होता. स्वतःच्या फोनवर स्वतःला हवं तसं दिसणाऱ्या नेत्याला दुसऱ्याच्या कॅमेऱ्याने दाखवलं, आणि त्यांना तिची माफी मागावी लागली.

मतमोजणीचा दिवस चुकवू नका. मतपत्रिका कागदाच्या, हाताने उघडतात. अडसरापलीकडे सगळ्या पक्षांचे कार्यकर्ते खांद्याला खांदा लावून उभे असतात, हातात क्लिपबोर्ड आणि पेन्सिल. कागद उलगडला की कोणाला पहिली पसंती आहे ते डोळ्याने टिपून रेघ मारतात. त्यांना टॅलीमन म्हणतात. एकमेकांचे वैरी असूनही ते आपले आकडे एकत्र करतात, आणि तेच आकडे पत्रकारांच्या हाती जातात. अधिकृत निकालाच्या कितीतरी तास आधी रेडिओवर कोण पडणार ते कळतं.

आठवी पायरी: आता तुम्ही

टीडी आपल्या मतदारसंघात ‘क्लिनिक’ घेतात. म्हणजे ठरलेल्या वेळी जाऊन भेटायचं. मत देता येत नसलं तरी जाता येतं. इमिग्रेशनचं पत्र अडकलंय, शाळेत जागा नाही, असं काहीही घेऊन जा, कागद एका पानात लिहून न्या. स्थानिक पेपर आणि रेडिओला कमी लेखू नका. डोनेगलला हायलँड रेडिओ, केरीला ‘केरीमन’. तिथे आलेला प्रश्न टीडीला टाळता येत नाही.

सरकारी कागद हवा असेल तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज करा. कायदा १९९७पासून आहे आणि २०१४पासून अर्जाला पैसे लागत नाहीत. चार आठवड्यांत उत्तर द्यावं लागतं. मंत्र्याला कोण भेटलं, कशासाठी, हे लॉबिंगच्या नोंदवहीत ऑनलाइन पाहता येतं. वर्षातून तीनदा नोंदी भराव्या लागतात.

टीव्ही-रेडिओवर चुकीचं गेलं तर ३० दिवसांच्या आत आधी त्या वाहिनीला लिहा, उत्तर पटलं नाही तर कमिशून ना म्यान या नियामकाकडे जा. पेपरातल्या बातमीचा तुमच्याशी थेट संबंध असेल तर तीन महिन्यांत प्रेस ओम्बड्समनकडे तक्रार करता येते. दोन्ही फुकट.

आणि एक गोष्ट जी मी भेटेल त्याला सांगते. स्थानिक निवडणुकीत मत द्यायला आयरिश नागरिकत्व लागत नाही. इथे राहता आणि वय १८ पूर्ण आहे, एवढं पुरे. ‘चेक द रजिस्टर’ या संकेतस्थळावर पीपीएस नंबर, जन्मतारीख आणि एअरकोड (इथला पिनकोड) भरला की काम होतं. गेली निवडणूक जून २०२४मध्ये झाली, पुढची २०२९मध्ये. पण उमेदवार दारावर त्याच्या बरंच आधी येऊ लागतात, बहुधा रात्रीच्या जेवणाच्या वेळी. कुकरची शिटी होत असली तरी दार उघडा, आणि गेल्या पाच वर्षांत आपल्या रस्त्यासाठी काय केलं ते विचारा.